मधुमेहींसाठी मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी: कधी करावी, कशी होते आणि अहवाल कसा वाचावा

मधुमेहाचे निदान झाल्यावर रुग्णाचे आणि घरच्यांचे सारे लक्ष साखरेच्या आकड्यांवर खिळते. टाइप २ मधुमेहात मात्र जिवाला सर्वांत मोठा धोका हृदयविकार आणि पक्षाघात यांचाच असतो. आपल्या बाबतीत हा धोका किती, याचा अंदाज घेण्यासाठी फिजिशियन कधी कधी मानेतील धमन्यांची सोनोग्राफी सुचवतात. कधी ती ‘संपूर्ण आरोग्य तपासणी’च्या पॅकेजमध्ये न मागताच आलेली असते. ही तपासणी पहिल्यांदाच करून घेणाऱ्या, हृदयविकाराची कोणतीही लक्षणे नसलेल्या मधुमेहींसाठी हा लेख आहे. चालताना छातीत दडपण येत असेल, अकारण धाप लागत असेल, किंवा हात, चेहरा, बोलणे यांत अचानक बदल झाला असेल, तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही. अशा वेळी थेट रुग्णालयात जावे.

ही तपासणी नेमके काय पाहते

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या बारीक असतात, सतत हलत असतात आणि बरगड्या व फुप्फुसांच्या आड दडलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्या भिंती बाहेरून सोनोग्राफीने नीट पाहता येत नाहीत. मानेच्या दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड धमन्या मात्र त्वचेपासून जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर आत, बऱ्यापैकी सरळ आणि रुंद असतात. धमन्यांच्या भिंतीत चरबी साचण्याचा विकार एखाद्याच धमनीपुरता क्वचित राहतो. म्हणून मानेत जे दिसते त्यावरून हृदयाच्या धमन्यांविषयी अंदाज बांधला जातो. हा अंदाजच असतो, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवावे. मान स्वच्छ आणि हृदयाच्या धमन्यांत अडथळा, किंवा याच्या उलट, अशी माणसे प्रत्यक्षात आढळतात.

सोनोग्राफीत दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या जातात आणि बहुतेक गोंधळ या दोहोंची सरमिसळ केल्याने होतो. पहिली गोष्ट म्हणजे धमनीच्या भिंतीतील आतल्या दोन थरांची मिळून जाडी, जिला अहवालात ‘आयएमटी’ म्हटलेले असते. पाओलो पिन्योली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवून दिले की सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसणाऱ्या दोन समांतर रेषांमधले अंतर हे प्रत्यक्ष भिंतीच्या जाडीशी जुळते. तेव्हापासून ही मोजणी जगभर रूढ झाली. दुसरी गोष्ट म्हणजे प्लाक, अर्थात भिंतीत एका ठिकाणी चरबी, पेशी आणि कॅल्शियम साचून आलेला उंचवटा. नळात कचरा अडकावा तसा तो धमनीच्या पोकळीत पडून नसतो. तो भिंतीच्या आतच वाढतो. सुरुवातीला धमनी बाहेरच्या बाजूने फुगून त्याला जागा करून देते, त्यामुळे बराच प्लाक साचूनही रक्ताचा प्रवाह पूर्ववत राहू शकतो. अहवाल वाचताना हा मुद्दा पुन्हा उपयोगी पडेल.

पहिली पायरी: या तपासणीवर कोणता निर्णय अवलंबून आहे, ते ठरवा

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि नेमकी तीच सहसा गाळली जाते. तपासणीला जाण्यापूर्वी डॉक्टरांना एक साधा प्रश्न विचारावा: ‘प्लाक निघाला तर तुम्ही काय बदलाल, आणि नाही निघाला तर काय?’ दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच येत असेल, तर तपासणी तूर्त बाजूला ठेवायला हरकत नाही.

अशी कल्पना करा की पंचावन्न वर्षांच्या एका बाईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाऊ लागले आहे. त्यांचा धोका जास्त आहे हे सांगायला सोनोग्राफीची गरज नाही. चाळीस ते पंचाहत्तर या वयोगटातील जवळजवळ प्रत्येक मधुमेही व्यक्तीला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध, द्यावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहेच. बाईंच्या बाबतीत ते पुरेशा मात्रेत चालू आहे का, हा खरा प्रश्न आहे. याउलट छत्तीस वर्षांचा एखादा तरुण घ्या, ज्याला तीन वर्षांपूर्वी टाइप २ मधुमेह निघाला, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ११० आहे, रक्तदाब ठीक आहे, पण वडिलांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. इतक्या लवकर स्टॅटिन सुरू करावे का, याविषयी डॉक्टर आणि रुग्ण दोघेही द्विधा मनःस्थितीत असतात. इथे मानेतील किंवा जांघेतील धमनीत प्लाक दिसला तर पारडे स्पष्टपणे औषधाच्या बाजूने झुकते. सोनोग्राफीची खरी उपयुक्तता अशा मधल्या, अनिश्चित माणसांसाठी आहे. आयसीएमआर-इंडियाब या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि गोव्यात तर त्याचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. या सर्वांच्या माना सरसकट तपासणे व्यवहार्य नाही आणि त्याची गरजही नाही.

संशोधनाचा कल याच दिशेचा आहे. चेन्नईतील एका लोकसंख्याधारित अभ्यासात, जो २००० साली प्रसिद्ध झाला, मधुमेहींची सरासरी आयएमटी सुमारे ०.९५ मिलिमीटर आणि मधुमेह नसलेल्यांची सुमारे ०.७४ मिलिमीटर आढळली. मधुमेहात भिंत जाड होते, यात म्हणूनच शंका नाही. पण एखाद्या व्यक्तीचे वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूची सवय माहीत असताना तिची आयएमटी कळल्याने भाकीत सुधारते का? अनेक देशांतील चार हजारांहून अधिक मधुमेहींची माहिती एकत्र करून २०१३ साली जे विश्लेषण झाले, त्याचे उत्तर ‘नाही’ असे होते. त्याच वर्षी अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी आयएमटीची नित्य मोजणी करू नये असे सांगितले. युरोपीय हृदयरोग संघटनेने २०१९ च्या मधुमेहविषयक मार्गदर्शनात हा भेद अगदी स्पष्ट केला: धोका ठरवण्यासाठी आयएमटी मोजू नये, परंतु लक्षणे नसलेल्या मधुमेहींमध्ये कॅरोटिड किंवा जांघेतील फेमोरल धमनीत प्लाक आहे का, हे पाहण्याचा विचार करावा.

एक गोष्ट मात्र सोनोग्राफीच्या बाजूने सांगायला हवी. स्वीडनमधील व्हेस्टरबॉटन प्रांतात साडेतीन हजारांहून अधिक लोकांची कॅरोटिड सोनोग्राफी करून, त्यांतील निम्म्यांना व त्यांच्या डॉक्टरांना त्यांच्या धमन्यांची चित्ररूप माहिती देण्यात आली आणि उरलेल्यांना दिली गेली नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर चित्र पाहिलेल्यांचा मोजलेला धोका दुसऱ्या गटापेक्षा कमी होता. हे लोक केवळ मधुमेही नव्हते. तरीही ‘मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला’ म्हणून औषध टाळणाऱ्या माणसासाठी स्वतःच्या धमनीचे चित्र हे कधी कधी दहा सल्ल्यांपेक्षा अधिक काम करते, हा अनुभव अनेक फिजिशियन सांगतात.

दुसरी पायरी: आधी स्वस्त आणि आवश्यक माहिती गोळा करा

सोनोग्राफीपूर्वी पुढील माहिती एका कागदावर लिहून ठेवावी, कारण तिच्याशिवाय अहवालाला अर्थ देता येत नाही: मधुमेह किती वर्षांचा, अलीकडचे एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज), वेगवेगळ्या दिवशी मोजलेला रक्तदाब, लिपिड प्रोफाइल (रक्तातील कोलेस्टेरॉल व इतर चरबीची तपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांच्या कामाची रक्ततपासणी) आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचे गुणोत्तर. यांतील शेवटची तपासणी अनेकदा राहून जाते, वास्तविक मूत्रपिंडांबरोबरच ती हृदयाच्या धोक्याविषयीही बरेच सांगते आणि सोनोग्राफीपेक्षा स्वस्त पडते. कुटुंबात वडील किंवा भाऊ यांना पंचावन्न वर्षांपूर्वी, अथवा आई किंवा बहीण यांना पासष्ट वर्षांपूर्वी हृदयविकार झाला असल्यास त्याची नोंद करावी. तंबाखूविषयी सांगताना केवळ सिगारेट-विडी मोजू नये. गुटखा, मळलेली तंबाखू आणि मिश्री यांचाही उल्लेख करावा. घरातील वयस्कर बायका मिश्रीला तंबाखू मानतच नाहीत, त्यामुळे ही माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मधुमेहींच्या बाबतीत तेथील डॉक्टर बहुधा ‘क्यूरिस्क’ या गणनयंत्राने दहा वर्षांचा धोका काढतील. त्यात भारतीय वंश आणि मधुमेह या दोन्हींची नोंद करण्याची सोय आहे, म्हणून वंशाचा रकाना रिकामा सोडू नये.

तिसरी पायरी: चिठ्ठीवर काय लिहून घ्यावे

आपल्याकडील बहुतेक केंद्रांच्या दरपत्रकावर या तपासणीचे नाव ‘कॅरोटिड डॉपलर’ असे असते. डॉपलरचे मूळ काम रक्ताचा वेग मोजून धमनी किती अरुंद झाली आहे ते सांगणे, हे आहे. पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णासाठी ते अत्यावश्यक असते. मधुमेहीच्या धोक्याचा अंदाज घेताना मात्र अरुंदपणापेक्षा प्लाक आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे असते. म्हणून डॉक्टरांना चिठ्ठीवर स्पष्ट लिहायला सांगावे की दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड धमन्यांत, विशेषतः जिथे धमनीला दोन फाटे फुटतात त्या जागी, प्लाक आहे का ते पाहावे, असल्यास त्याची जाडी व स्वरूप नोंदवावे.

शक्य असल्यास जांघेतील फेमोरल धमन्याही त्याच वेळी पाहून घ्याव्यात, असे मी आवर्जून सुचवेन. माद्रिदमध्ये चाळीस ते चौपन्न वर्षांच्या चार हजारांहून अधिक नोकरदारांची तपासणी झाली, तेव्हा मानेपेक्षा ओटीपोट-जांघेच्या धमन्यांत प्लाक अधिक जणांना आढळला: मानेत ३१ टक्के, तर तिथे ४४ टक्के. ते सर्व मधुमेही नव्हते. पण मधुमेहात पायांच्या धमन्या विशेष बाधित होतात, हे लक्षात घेता केवळ मान पाहून थांबणे अपुरे वाटते.

भारतात प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली करावी लागते आणि नोंदणीचे प्रमाणपत्र केंद्रात दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. मानेच्या तपासणीशी त्या कायद्याचा विषय जोडलेला नसला, तरी केंद्र अधिकृत आहे की नाही हे पाहण्याची ती सोपी खूण आहे.

चौथी पायरी: तपासणीचा दिवस

मानेच्या सोनोग्राफीसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. मधुमेहींनी हे पक्के लक्षात ठेवावे, कारण पोटाच्या सोनोग्राफीच्या सवयीने काही जण सकाळपासून न खाता, पण इन्सुलिन किंवा गोळी घेऊन रांगेत बसतात आणि साखर खाली जाते. नेहमीप्रमाणे खाऊन, नेहमीची औषधे घेऊन जावे. पॅकेजमध्ये उपाशीपोटीचे रक्त द्यायचे असेल, तर ते आधी देऊन, खाऊन मग सोनोग्राफीला बसण्याची विनंती करावी.

गळा मोकळा राहील असे कपडे घालावेत; मंगळसूत्र, साखळी, माळ काढून ठेवावी लागते. मानेचा स्पाँडिलायटिस असेल किंवा खांदा आखडलेला असेल, तर आधी सांगावे. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण बरेच आहे आणि अशा स्थितीत मान मागे टाकून वीस-पंचवीस मिनिटे पडून राहणे त्रासाचे होते. उताणे झोपवून, मान किंचित मागे आणि एका बाजूला वळवून, गार जेल लावून प्रोब फिरवला जातो. मधूनच यंत्रातून ठोक्यांच्या लयीत फूत्कारासारखा मोठा आवाज येतो. तो रक्तप्रवाहाचा असतो, त्याने घाबरू नये. सुई, रंगद्रव्य किंवा किरणोत्सर्ग यांचा यात संबंध नाही.

पाचवी पायरी: अहवाल वाचणे

अहवाल इंग्रजीत असतो आणि त्यात आद्याक्षरांची गर्दी असते. ‘सीसीए’ म्हणजे मानेतील मूळ धमनी, ‘आयसीए’ म्हणजे मेंदूकडे जाणारा फाटा आणि ‘ईसीए’ म्हणजे चेहरा व डोक्याच्या त्वचेकडे जाणारा फाटा. या तिन्हींची नोंद उजव्या आणि डाव्या बाजूसाठी स्वतंत्र असावी.

शेवटच्या निष्कर्षात बहुधा ‘रक्तप्रवाहाच्या दृष्टीने लक्षणीय स्टेनोसिस नाही’ अशा अर्थाचे वाक्य असते आणि ते वाचून रुग्ण सुटकेचा निःश्वास टाकतो. या वाक्याचा अर्थ एवढाच की धमनी फारशी अरुंद झालेली नाही. प्लाक नाही, असे ते म्हणत नाही. वर सांगितल्याप्रमाणे प्लाक भिंतीच्या आत वाढत असल्याने दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. म्हणून निष्कर्षावर न थांबता मधला तपशील वाचावा आणि ‘प्लाक’ हा शब्द कुठे आहे ते शोधावे. तो शब्द अहवालात कुठेच नसेल, ‘आहे’ म्हणूनही नाही आणि ‘नाही’ म्हणूनही नाही, तर रेडिओलॉजिस्टला विचारून तशी नोंद करून घ्यावी. हा आग्रह धरायला संकोचू नये.

कशाला प्लाक म्हणावे याविषयी मानहाइम येथील तज्ज्ञांच्या सहमतीतून ठरलेली व्याख्या सर्वत्र वापरली जाते: भिंतीचा एखादा भाग पोकळीच्या दिशेने किमान ०.५ मिलिमीटर, किंवा आजूबाजूच्या जाडीच्या निम्म्याने पुढे आलेला असणे, अथवा त्या जागी जाडी १.५ मिलिमीटरपेक्षा अधिक असणे. प्लाकचे वर्णन ‘इकोल्युसंट’ असे असेल तर तो पडद्यावर काळसर दिसणारा, चरबीयुक्त आणि मऊ असतो. ‘कॅल्सिफाइड’ असेल तर कॅल्शियममुळे कडक झालेला असतो. मऊ प्लाक अधिक बेभरवशाचा मानला जातो. शिवाय एका ठिकाणी छोटा प्लाक असणे आणि दोन्ही बाजूंना अनेक ठिकाणी असणे यांत मोठा फरक आहे. जितका एकूण साठा अधिक, तितका धोका अधिक.

आयएमटीचा आकडा दिलेला असल्यास त्याकडे वयाच्या संदर्भात पाहावे. पूर्वी ०.९ मिलिमीटर ही सर्वांसाठी एकच सीमारेषा धरली जाई, पण भिंतीची जाडी वयाबरोबर सर्वांचीच वाढते, त्यामुळे पस्तिशीत ०.८ चिंताजनक ठरू शकते आणि सत्तरीत तीच सामान्य असते. केवळ या एका आकड्यावरून औषध सुरू किंवा बंद करू नये.

‘पीएसव्ही’ हा रक्ताचा कमाल वेग असून तो सेंटीमीटर प्रतिसेकंद या एककात दिलेला असतो. मेंदूकडे जाणाऱ्या फाट्यात तो १२५ पेक्षा कमी असल्यास अरुंदपणा ५० टक्क्यांहून कमी, १२५ ते २३० असल्यास ५० ते ६९ टक्के आणि २३० पेक्षा अधिक असल्यास ७० टक्के किंवा त्याहून जास्त, असा ढोबळ हिशेब रेडिओलॉजिस्ट लावतात. वेग वाढलेला आढळल्यास न्यूरोलॉजिस्ट किंवा रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांचा सल्ला घ्यावा. मात्र लक्षणे नसताना लगेच शस्त्रक्रिया किंवा स्टेंट लागतोच असे नाही.

सहावी पायरी: निष्कर्षानंतर काय करावे

प्लाक आढळल्यास पहिली प्रतिक्रिया बहुधा ‘आता अँजिओग्राफी करून टाकू’ अशी असते. लक्षणे नसताना ती घाई करू नये. टाइप २ मधुमेहाच्या, पण हृदयविकाराची लक्षणे नसलेल्या १,१२३ जणांवर अमेरिका व कॅनडात ‘डायड’ हा अभ्यास झाला, ज्याचे निष्कर्ष २००९ साली आले. लक्षणे नसतानाही आजार शोधण्यासाठी हृदयाच्या रक्तपुरवठ्याची चाचणी केल्याने हार्ट अटॅक किंवा मृत्यू यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटल्याचे त्यात दिसले नाही. प्लाकचा खरा उपयोग औषधे नेटाने घेण्यासाठी आणि उद्दिष्टे अधिक कडक करण्यासाठी आहे. एलडीएल ७० च्या खाली, आणि धोका फार जास्त असल्यास ५५ च्या खाली आणण्याचा विचार डॉक्टर करतात; स्टॅटिनची मात्रा वाढवली जाते किंवा जोडीला इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल कमी करणारे दुसरे औषध दिले जाते; रक्तदाबाकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाते; साखरेच्या औषधांत हृदयाला संरक्षण देणाऱ्या गटांतील औषध निवडले जाते. तंबाखू बंद करणे हे तर या सर्वांच्या आधी येते. अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून सुरू करू नये. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि तो निर्णय व्यक्तीनुसार डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

साखरेच्या नियंत्रणाने धमन्यांना फायदा होतो का, असा प्रश्न अनेकांना पडतो. टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरील अमेरिका-कॅनडातील डीसीसीटी अभ्यासात ज्यांची साखर काही वर्षे कडक नियंत्रणात ठेवली होती, त्यांच्या आयएमटीची वाढ पुढील वर्षांत इतरांपेक्षा मंद राहिल्याचे २००३ साली दिसून आले. म्हणजे फायदा होतो, पण सावकाश.

प्लाक आढळला नाही, तर ती चांगलीच बातमी आहे. मात्र तिच्या जोरावर चालू असलेले स्टॅटिन थांबवू नये. तरुण वयात प्लाक नसणे अपेक्षितच असते आणि पुढील तीस वर्षांविषयी ते काही सांगत नाही.

पुन्हा तपासणी केव्हा

आयएमटीची वर्षभरातील वाढ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते, आणि दोन वेगवेगळ्या हातांनी केलेल्या मोजणीतील तफावत याहून सहज जास्त भरते. त्यामुळे दरवर्षी मान तपासून ‘यंदा ०.०३ ने वाढले’ म्हणून धास्तावणे किंवा ‘कमी झाले’ म्हणून खूश होणे, दोन्ही व्यर्थ आहेत. शिवाय स्टॅटिनमुळे मऊ प्लाक हळूहळू घट्ट होत जातो, म्हणून पुढच्या अहवालात ‘कॅल्सिफाइड’ हा शब्द नव्याने आला तर औषध फसले असा अर्थ काढू नये. औषध काम करते आहे की नाही, हे पाहण्यासाठी सुरुवातीनंतर चार ते बारा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करावे. त्याला खर्चही कमी येतो आणि त्यावर पुढची मात्राही ठरवता येते. धमनी ५० टक्के किंवा अधिक अरुंद झालेली आढळली असेल, तर मात्र ठरावीक अंतराने पुन्हा डॉपलर करावा लागतो. ते अंतर डॉक्टर ठरवतील. आपण आधीचा अहवाल आणि चित्रांची फिल्म किंवा सीडी जपून ठेवावी आणि वेगांची तुलना सरळ करता यावी म्हणून शक्यतो त्याच केंद्रात जावे.